तू जेवून घे, मी येतोच

१४ नोव्हें. १९९६
मळ्यातून यायला तीन वाजले. मंगल जेवायची थांबलेली. माझं ताट झाकून, तिचं रिकामं शेजारी. सकाळीच सांगून निघालो होतो, "तू जेवून घे, मी येतोच." लग्न झाल्यापासून मी हे सांगतो आणि लग्न झाल्यापासून ती थांबते. तिच्या माहेरच्या, घोटीच्या माणसांना भूक कमी आणि हट्ट जास्त.
आमटी वाढता वाढता म्हणाली, "अहो, आपण जपानला जायचं का?"
ठसकाच लागला. इकेबानाचा, म्हणजे जपानी फुलं रचायचा क्लास लावल्यापासून घरात रोज नवीन काहीतरी. परवा छाटणीच्या काड्या मागून घेतल्या. एक वाकडी काडी, दोन शेवंत्या, बशीत पाणी, झाली म्हणे रचना. मी म्हटलं, अशा रचना आमच्या बांधावर ढिगानं पडल्यात. आठवडाभर बोलली नाही.
क्लासच्या पटवर्धनबाई दोनदा जपानला जाऊन आल्यात. त्यांनी फोटो दाखवले. जुन्या पद्धतीची उतरायची घरं असतात, रयोकान म्हणतात. चटईची जमीन, दाराबाहेर बाग, जेवण खोलीत आणून वाढतात.
"वाढणारी गुडघ्यावर बसून वाढते," मं. म्हणाली. "आपण नुसतं बसून जेवायचं. दोघांनी समोरासमोर."
म्हटलं, बघू. हा हंगाम जाऊ दे.

२ डिसें. १९९६
द्राक्षांचे घड बुडवायचं काम चालू. हात औषधानं चिकट. मं. नं विषय परत काढला नाही. माझ्याच डोक्यातून जात नाही.

१९ ऑगस्ट १९९७
कॉलेज रोडला कुलथेकडे. हा एरवी लोकांना चारधाम नाहीतर सिंगापूरला पाठवतो. जपान म्हटल्यावर खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "आप्पा, जायचं तर दोनच वेळा. एप्रिलच्या सुरुवातीला, फुलं असतात. नाहीतर नोव्हेंबरात, पानं लाल होतात. मधे पाऊस, नाहीतर उकाडा."
हसूच आलं. एप्रिल म्हणजे खरड छाटणी. नोव्हेंबर म्हणजे कोवळी फूट आणि डावणीची भीती. एक रात्र ढगाळ गेली की पानांवर बुरशी. जपानच्या देवाला द्राक्षवाले नको आहेत असं दिसतं. मी मोकळा जून-जुलैत. तेव्हा तिकडे पाऊस. पाऊस बघायला इगतपुरी काय वाईट आहे?
तरी बेत आखला. टोकियोत दोन रात्री. मग हाकोनेच्या डोंगरात, गरम पाण्याच्या कुंडाचं रयोकान. मग क्योटोत नदीकाठचं, दीडशे वर्षांचं. तिथं जेवण नऊ-दहा टप्प्यांचं, प्रत्येक टप्प्याला वेगळी वाटी. सगळीकडे सगळ्यात चांगली खोली. कुलथे म्हणाला, महाग पडेल. म्हटलं, पडू दे. माझी द्राक्षं थंड डब्यात बसून लंडनला जातात, मी का म्हणून धर्मशाळेत उतरू?
घरी येऊन मं. ला वाचून दाखवलं. कुंडात अंगावर काही न घालता उतरतात हे ऐकून, "बाई गं! मी नाय त्यातली." खोलीतच आपलं स्वतःचं कुंड असतं म्हटल्यावर मग, "पाणी किती गरम असतं?"

२२ मार्च १९९८
नाही जमलं. शेवटचे दोन प्लॉट उतरायचे राहिलेत आणि माल घेणारा रोज नवं कारण सांगतोय. अशात बाग टाकून कसं जायचं. कुलथेला कळवलं. मं. म्हणाली, "राहू द्या, पुढच्या वर्षी." पोळ्या लाटत होती, पाठ माझ्याकडे.

६ नोव्हें. २०००
ह्या खेपेला लाल पानं. व्हिसा झाला होता. मं. नं येवल्याहून पैठणी आणली होती, डाळिंबी, बारीक काठाची. क्योटोच्या जेवणाला नेसायची म्हणून. त्या लोकांना कळू दे, रेशीम काय असतं.
परवापासून ढग. काल संध्याकाळी पानामागे पांढरं दिसलं. रात्री फवारणी, सकाळी फवारणी. दुपारी घरी आलो तर मं. नं स्वतःच कुलथेला फोन करून रद्द करून टाकलेलं. मला विचारलंही नाही. विचारून काय होणार होतं म्हणा.
पैठणी ट्रंकेत. "आपल्या नितीनच्या लग्नात नेसेन," म्हणाली. डांबरगोळ्यांचा वास अजून खोलीत आहे.
बाग वाचली. वाचली म्हणून आनंद व्हावा तेवढा झाला नाही.

१८ ऑगस्ट २००३
सिंहस्थ. घरात पाहुणेच पाहुणे. घोटीचे, येवल्याचे, ज्यांची नावं मला माहीत नाहीत असेही. सगळे गोदेवरून ओले येतात आणि जेवायला बसतात. मं. ओट्याशी उभी. रात्री जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी. मला वाटलं, दमली असेल.

३० ऑगस्ट २००३
हाडांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही गुडघे झिजलेत. मं. नं त्यांना एकच विचारलं, "मांडी घालून बसता येईल का?" ते म्हणाले, अजून थोडी वर्षं येईल, व्यायाम केला तर. पुढं सांगता येत नाही. डॉक्टरांना वाटलं पूजेसाठी विचारते आहे. मला कळलं कशासाठी ते.
गाडीतून परत निघालो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. रविवार कारंज्याशी सिग्नलला थांबलो तेव्हा म्हटलं, नक्की जाऊ. ती म्हणाली, "हिरवा झाला."

११ ऑक्टो. २००६
तीन वर्षं अशीच गेली. आता बास. नितीन बाग बघतो, माझ्यापेक्षा बरी बघतो (हे त्याला कोणी सांगू नये). एप्रिल २००७ पक्कं. पटवर्धनबाईही त्याच वेळी जाणार आहेत, सोबत होईल. त्यांची खोली वेगळी, आमची वेगळी. कुलथे म्हणाला, "आप्पा, ह्या वेळेला तुम्हाला विमानात मी स्वतः बांधून घालणार."
मं. रोज सकाळी गुडघ्याचे व्यायाम करते. मी वर्तमानपत्राआडून बघतो.

२१ जाने. २००७
आज रंगीत तालीम. हॉलमध्ये चटई टाकली, खुर्च्या बाहेर. मं. नं घरातल्या सगळ्या लहान वाट्या काढल्या. एकीत चमचाभर भरीत, एकीत मटकी, एकीत दोन फोडी काकडी, एकीत कढी. भात शेवटी. चायनीजवाल्याकडून काड्या आणल्या होत्या. मं. नं पहिल्याच झटक्यात मनुका उचलला. माझा सोफ्याखाली गेला. नितीन आणि सूनबाई दारात उभे राहून खो खो हसत होते.
समोरासमोर बसलो. मांडी घालायला मं. ला वेळ लागला, पण घातली. दोन घास खाल्ले आणि उठायला लागली.
"कुठं?"
"गरम पोळी कोण आणणार?"
"पोळी नाही आज. बस."
बसली. पण सगळं जेवण होईपर्यंत तिचं लक्ष स्वयंपाकघराकडे. मी म्हटलं, तिकडे गेल्यावर काय करशील, त्या बाईच्या मागे मागे स्वयंपाकघरात जाशील? म्हणाली, "सवय होईल. तुम्ही समोर असलात म्हणजे होईल."
फार दिवसांनी इतका वेळ समोरासमोर बसलो. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. कधीचा, देव जाणे.

२३ मार्च २००७
गारा. दहा मिनिटंही नसतील. खालच्या प्लॉटमधला उरलेला माल गेला. काड्या सोलून निघाल्या. नितीन चिखलात उभा होता, मी बांधावर.

२६ मार्च २००७
घरात भांडण. भांडण म्हणजे मी ओरडलो, बाकीचे ऐकत होते. जखमी काड्यांवर छाटणी कशी घ्यायची, कुठं कापायचं, किती ठेवायचं; एक चूक झाली की पुढचं वर्षही गेलं.
नितीन म्हणाला, "आप्पा, गारा पडून गेल्या. आता तुम्ही थांबून काय वेचणार? मी आहे ना."
त्याचं बरोबर आहे. तरी म्हटलं, जपान पुढच्या वर्षी.
मं. भांडी पुसत होती. पुसतच म्हणाली, "माझं तिकीट रद्द करू नका."
मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.
"मी पटवर्धनबाईंबरोबर जाते. पुढच्या वर्षी माझे पाय वाकणार नाहीत."

२ एप्रिल २००७
मुंबईला विमानतळावर सोडलं. मं. ला पांढरे बूट, पैठणी हातातल्या पिशवीत, सामानात दिली नाही. आत जाताना मी म्हटलं, "तू हो पुढे. खालच्या प्लॉटची छाटणी उरकतो आणि मागून येतोच. सहा तारखेला हाकोनेला गाठतो."
खरंच तसं ठरवलं होतं. कुलथेलाही सांगून ठेवलंय, माझं नाव कुठूनही काढू नको. हाकोने, क्योटो, दोन्हीकडे दोघांचंच राहू दे.
ती हसली. मला ते हसू आवडलं नाही.

४ एप्रिल
खालचा प्लॉट उरकला नाही. मजूर कमी. घर मोठं वाटतं. सूनबाई वेळेवर वाढते, पण मी वेळेवर येत नाही.

५ एप्रिल
कुलथेचा फोन. उद्याचं विमान धरायचं तर आज रात्री मुंबई गाठायला हवी. म्हटलं, परवाचं बघ. नितीन कात्री हातात घेऊन उभा होता, माझ्याकडे बघत. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

६ एप्रिल
मळ्यातून आलो, साडेतीन होऊन गेले होते. ताट झाकलेलं. झाकण उचललं, तेवढ्यात फोन. मंगल. आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ.
"जेवलात?"
"आत्ता बसतोय."
"मी जेवले," ती म्हणाली.
इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही.
मग तीच बोलत राहिली. रेल्वेतून भाताची खाचरं दिसली, बांध अगदी घोटीसारखे, लावणी अजून व्हायची आहे. खोलीबाहेर एकच झाड, पण फुलांनी भरलेलं. कुंडात उतरली. "पाणी लय गरम हो, पण गुडघे मोकळे झाले." पैठणी नेसली. वाढणारी बाई काठाकडे बघतच राहिली, हात लावू का म्हणून खुणेनं विचारलं. मासा कच्चा होता, तो पटवर्धनबाईंकडे सरकवला. भात शेवटी आला. "इंद्रायणीसारखा चिकट. वासही तसाच."
"आणि मांडी?"
"घातली. दुखलं, पण घातली."
मग, "तुमचंही ताट मांडलं होतं त्यांनी. समोर. नाव होतं ना तुमचं. सगळ्या वाट्या, सगळं. वाढणारी दर वेळी तुमच्या वाटीकडे बघायची आणि माझ्याकडे. शेवटी पटवर्धनबाईंना विचारलं, थांबायचं का. पटवर्धनबाई म्हणाल्या, येणार आहेत ते."
"मग?"
"मी म्हटलं, वाढा. गार झालं असतं सगळं."
रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.
"आणि अहो, क्योटोला कळवायला सांगितलंय. एकच ताट मांडा म्हणून. समोर भरलेलं ताट आणि माणूस नाही, ते बरं दिसत नाही. अपशकुनासारखं वाटतं." मग, "तुम्ही जेवून घ्या. फोन महाग आहे."
जेवलो. काय जेवलो आठवत नाही. चटई अजून सोफ्यामागे गुंडाळून उभी आहे.

७ एप्रिल
मळ्यात गेलो, पण अकरालाच परत फिरलो. नितीन मागून म्हणाला, "काही विसरलं का?" सूनबाई दचकली, स्वयंपाक व्हायचा होता.
कुलथेनं सकाळी सांगितलंय, रात्रीच्या विमानात एक जागा आहे. क्योटोच्या शेवटच्या दोन रात्री मिळतील. दुपारपर्यंत कळवा. पासपोर्ट टेबलावर काढून ठेवलाय. नितीन मुंबईला सोडायला तयार आहे. खालच्या प्लॉटच्या अजून सात ओळी राहिल्यात, त्या तो घेईल. घेईलच.
एकच अडलंय. तिनं एक ताट सांगितलंय. मी जाऊन दारात उभा राहिलो तर दुसरं मांडतील का? आणि तिला ते हवं आहे का? हे कुलथेला कसं विचारायचं? तरी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.
घड्याळात पावणेबारा. तिकडे तीन वाजून गेले असतील, अजून जेवणाची वेळ व्हायची आहे. परत लावतो.