जमिनीत पुरलेले ग्लास

४ जानेवारी
यंदा सातवी ब मधून सुटायचंच. शिक्षक प्रशिक्षण केंद्रात एक जागा रिकामी आहे. तिथे मुलं नाहीत, घंटा नाही, फिरती खुर्ची आहे. त्यासाठी जैवविविधतेचा 'स्वतः करून शिका' छाप पाठ बसवायचा आणि निवड समितीला डेमो द्यायचा. किरकोळ काम. मी भूगोलाचा असलो तरी निसर्ग माझ्या रक्तात आहे. बागेत गेलो की शिंका येतात, ती गोष्ट वेगळी.

७ जानेवारी
विज्ञानाच्या बाईंकडून गप्पांच्या ओघात आयडिया काढून घेतली. मैदानाकडेच्या गवतात ग्लास पुरायचे, काठ जमिनीशी सपाट. चालता चालता किडे आत पडतात, गुळगुळीत भिंत चढता येत नाही. सकाळी मुलांनी ते ओळखायचे, मोजायचे, सोडून द्यायचे. बाई म्हणाल्या, दोघं मिळून करू. मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता? चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण लीडरशिप नाही.

९ जानेवारी
घरातले ग्लास नेले. हिला सांगितलं नाही. ट्रायल जोरदार. गोम, कोळी, काळे भुंगेरे आणि नाव न कळलेलं काहीतरी, जे माझ्या बाहीत शिरलं. सातवी ब चक्क गप्प राहून बघत होती. ओरडलो तो मीच.
संध्याकाळी: ही विचारते, पाहुण्यांना पाणी ओंजळीत द्यायचं का. उद्या आणतो म्हटलं.

१५ जानेवारी
समिती सोमवारी येणार. मैदानाची कळा बघवत नाही. गुडघाभर गवत, कुजका पालापाचोळा. या उकिरड्यात जैवविविधता दाखवायची? शिपायाकडून सगळं साफ करून घेतलं. पाहुण्यांना काही चावू नये म्हणून औषधही मारून घेतलं. दोनदा. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या ते बरं, नाहीतर फाटे फोडत बसल्या असत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मैदान कसं लख्ख दिसतंय.

१८ जानेवारी, रविवार
दुपारी ग्लास पाहिले. रिकामे. थंडीमुळे किडे उशिरा उठत असतील.
संध्याकाळी: अजून रिकामे. विज्ञानाच्या बाईंना फोन केला. औषधाचं सांगितलं. मग म्हणाल्या, समितीला खरं सांगून टाका. जळतात, दुसरं काय.
स्वयंपाकघरात शोधमोहीम काढली. सिंकखाली झुरळं, पिठाच्या डब्यात किडे. देवासारखे धावून आले. ही म्हणाली, सिंकखाली डोकं घालून काय चाललंय? अभ्यास, म्हटलं. म्हणाली, उशीरच केलात.

१९ जानेवारी
लिहावंसं वाटत नाही.
समितीच्या अध्यक्षा भिंग घेऊन चक्क मातीत बसल्या. इतकं बारीक कोणी बघतं का? म्हणाल्या, उघड्या मैदानात सगळे किडे स्वयंपाकघरातले कसे? मी म्हटलं, स्थलांतर. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या बडबड्या मुलीने सांगितलं, आधी इथे गोम होती, कोळी होते, मग सरांनी औषध मारायला लावलं, आता कुणीच नाही. सांगताना तिला रडू आलं. सातवी ब हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.
तरी चहाच्या वेळी अध्यक्षांनी माझं नाव दोनदा विचारून घेतलं. आशा आहे.

२ फेब्रुवारी
निकाल. केंद्रात विज्ञानाच्या बाई. अहवालात माझाही उल्लेख आहे: मैदान पूर्ववत व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. तोवर ज्यांनी ते साफ केलं त्यांनीच दर आठवड्याला मुलांबरोबर ग्लास लावावेत आणि त्यांची बदली करू नये. म्हणजे विश्वासच टाकला म्हणायचा. फिरती खुर्ची मला झेपलीही नसती, चक्कर येते. बाईंनी जाताना ग्लासांचा नवा सेट दिला. हिने तो कपाटात ठेवून कुलूप घातलं.

९ फेब्रुवारी
पहिली तपासणी. पाच ग्लासांत मिळून एक मुंगी. चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. मी उकिडवा बसून बघत राहिलो. उठायला गेलो तर गुडघे धरलेले. सातवी ब ने ओढून उभं केलं.
वर्गात आलो तर बडबडीने आजची नोंद फळ्यावर लिहून ठेवलेली: अडकलेले जीव दोन. मुंगी आणि सर. मुंगीला सोडून दिलं.