मोरचुदाचा हिरवा जाळ

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. आज अकरावीच्या वर्गात अणूतून प्रकाश कसा निघतो ते शिकवत होते आणि मधेच माझा आवाज चढला. मुलं दचकली. खरं तर मी तुमच्यावर ओरडत होते.

वाशिमचं विज्ञान प्रदर्शन आठवतं? प्रयोग माझा होता. कामरगावच्या आमच्या घरी चुलीत मीठ सांडलं, जाळ पिवळाधमक झाला. आई ओरडली. मी दुसऱ्या दिवशी बाबांनी फवारणीसाठी आणलेलं मोरचूद चिमूटभर टाकून पाहिलं, तर जाळ हिरवा! धावत तुमच्याकडे आले. तुम्ही तुमचं जाडजूड पुस्तक देऊन टाकलंत. ते वाचून मी माझ्या शब्दांत सांगितलं, "आच लागली का इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढते, सर. पन तेथं टिकत नाही. खाली येतानी घेतलेली ताकद उजेड म्हनून टाकून देते. मिठाच्या पायऱ्या अलग, मोरचुदाच्या अलग, म्हनून रंग अलग." तुम्ही हसलात. "बरोबर आहे. पण प्रदर्शनात परीक्षकांसमोर असं बोलशील?"

बोलायला तुम्ही वकिलाचा मुलगा उभा केलात, त्याची भाषा शुद्ध म्हणून. मी नुसती मीठ नाहीतर मोरचूद लावलेली तार स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. तो "उत्तेजित अणू प्रकाश उत्सर्जित करतात" असं घडाघडा म्हणतो आहे. परीक्षक बाई मान डोलावतात आणि विचारतात, "मग दोन्हींचा रंग वेगळा का?" तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो. मी तोंड उघडते. तुम्ही मागून माझा दंड दाबता, "गप राह्य नं! इज्जत घालवतं का?" तेही वऱ्हाडीतच, सर! बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. परतीच्या जीपमध्ये तुम्ही त्यालाच धीर देत राहिलात, मला एक शब्द नाही. दुसऱ्या कुणी गप्प केलं असतं तर मी विसरलेही असते. पुस्तक देणाऱ्यानंच तोंड दाबलं, ते अजून सहन होत नाही.

आता मी वर्गात हे वऱ्हाडीतच समजावते आणि मुलांना लगेच कळतं. तेच तुम्हाला ठणकावून सांगायला बसले होते. लिहून झाल्यावर वाचलं, तर तेव्हाचं बोलणं सोडून सगळं प्रमाण भाषेत. दोन ठिकाणी तर खोडून 'शुद्ध' केलंय. पाठवायचं कुठेच नव्हतं. तरी तुमची भीती वाटली.