विमानातला माझा अर्धा हिस्सा आणि नंदनवनचे घर

मी, श्रीमती प्रेमिला मधुकर गजभिये, वय एकसष्ट, पूर्वी विमान चालवायला शिकवीत असे, आता निवृत्त, राहणार नंदनवन, नागपूर, आज शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शेजारच्या डॉक्टर चारुशीला यांनी मला तपासले. "ताई, बीपी वाढून आहे, पण डोकं जाग्यावर आहे," असे त्या म्हणाल्या. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. मी घाबरलेली आहे, एवढे मात्र नोंदवून ठेवते. उद्या सकाळी मला आमचे विमान वर न्यायचे आहे, आणि त्याचे इंजिन हवेत का बंद पडले हे अजून कोणालाही कळलेले नाही.

१) विमान. दोन जणांचे, एका इंजिनाचे, जुने. अर्धे माझे, अर्धे श्री. गोपाळराव उमाठे यांचे. त्यांचे गांधीबागेत कापडाचे दुकान आहे. पन्नाशीत ते माझ्याकडे उडायला शिकले आणि चांगले शिकले. घाई मात्र सोडली नाही.

पावसाळाभर विमान शेडमध्ये उभे होते. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीला माझी मुलगी मयुरा शेजारी बसली. किती वर्षांनी हो म्हणाली होती. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांवर आलो, तेव्हा इंजिनाचा आवाज बारीक झाला आणि मग गेला. नुसता वारा.

"आई, हे काहून बंद झालं?"

"होते सुरू," मी म्हणाले. विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला आवाज होता तो. खाली जिकडे पाहावे तिकडे झाडेच, उतरायला मोकळे शेत दिसेना. मयुराने माझा हात धरला नाही. मला दोन्ही हात लागतील हे तिला समजत होते, म्हणून तिने स्वतःच्याच ओढणीचा बोळा मुठीत धरला. बागा अगदी जवळ आल्यावर इंजिन खोकले आणि आपोआप चालू झाले.

तेव्हापासून शेजारची बोअरची मोटर बंद झाली तरी मी भिंत धरते.

विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर दुर्गेश यांनी प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोलची जाळी धुतली. जमिनीवर इंजिन सुरेख चालते. ते म्हणाले, "ताई, मले कारण सापडलं नाही. आता हवेत नेल्याबिगर समजत नाही."

गोपाळरावांनी ऐकून घेतले नाही. "तुमच्याच हातून एखादा खटका बंद झाला असंल, बाई. दुरुस्ती झाली ना? मी रविवारी भूमिकाले फिरवून आणतो." भूमिका त्यांची नात. मी विचारले, पुन्हा बंद पडले तर? ते हसले. "इतक्या घाबरता काहून?"

म्हणून रविवारच्या आधी, शनिवारी, मी जाणार. एकटी. गोपाळराव, तुमचे ते हसणे मी माफ केलेले नाही. तसे या पत्रात लिहिलेले राहू द्यावे.

मी परत आले नाही, तर माझा हिस्सा मयुराला मिळावा, पण कारण सापडेपर्यंत तिने ते विमान कोणालाही उडवू देऊ नये. सापडलेच नाही, तर पंख कापावेत.

२) नंदनवनचे घर, बँकेतील ठेव व दागिने मयुराला.

३) माझे पाने, पेचकस आणि हेडफोन दुर्गेश यांना.

४) जे काही हाती लागेल, त्याचे अंत्यविधी साधे करावेत. त्रिशरण, पंचशील म्हणावे. मयुराला पाहायला बोलावू नये.

रविवार. वरच्या मजकुरावर सह्या व्हायच्या होत्या, म्हणून पुढचे त्याच कागदांवर लिहिते.

शनिवारी मी धावपट्टीच्या वरच घिरट्या घालत राहिले, म्हणजे बंद पडलेच तर तरंगत उतरता येईल. पहिला बराच वेळ काही झाले नाही. मला वाटले, गोपाळराव म्हणतात तेच खरे असेल. मग तोच बारीक आवाज, आणि पुन्हा नुसता वारा. तोंड इतके कोरडे पडले की रेडिओवर शब्द फुटेना. या वेळी इंजिन चालू झाले नाही. मी धावपट्टी नजरेतून सुटू दिली नाही. चाके टेकली तेव्हा मी मोठ्याने ओरडत होते, असे दुर्गेश सांगतात. मला आठवत नाही.

दुर्गेश धावत आले आणि त्यांनी टाकीचे झाकण फिरवले. आत हवा खेचली गेल्याचा लांब फुसकारा आम्ही दोघांनी आणि पाहायला आलेल्या गोपाळरावांनी ऐकला. टाकीत हवा जायची बारीक नळी आत, वळणावर, कुंभारीण माशीने मातीचे घर करून बुजवली होती. पेट्रोल कमी होई तशी टाकी आतून आवळली जाई आणि पेट्रोल खाली उतरेना. नरखेडवर थोडी हवा कशीबशी आत झिरपली असावी, म्हणून इंजिन पुन्हा चालू झाले. जमिनीवर तपासताना दर वेळी आधी झाकण उघडले जाई आणि इंजिन थोडाच वेळ चाले, म्हणून दोष लपून राहिला.

गोपाळराव चिखलाचा तो गोळा तळहातावर घेऊन उभे होते. "उद्या भूमिका बसणार होती माझ्याजवळ," एवढेच म्हणाले आणि खाली बसले. मग मीही त्यांच्या शेजारी गवतात बसले.

नळी बदलली आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा उडवून खात्री करायची. मला अजून भीती वाटते, कालच्यापेक्षा जास्त. मयुराला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आई, तू एकटी नको जाऊ. मी येतो."

मी नाही म्हटले. ती ऐकत नाही. सबब एक कलम वाढवणे भाग आहे.

५) मयुरा व मी एकाच वेळी गेलो, तर घर व इतर सर्व माझी धाकटी बहीण भावना हिला मिळावे. हे वाक्य मी तीनदा अर्धवट सोडून उठले. आता पुरे केले आहे.

वाचून पाहिले, माझ्या मनाप्रमाणे आहे. आम्हा तिघांच्या सह्या एकमेकांसमोर झाल्या.

सही: प्रेमिला मधुकर गजभिये

साक्षीदार:
१. डॉ. चारुशीला रामटेके, नंदनवन
२. गोपाळराव उमाठे, गांधीबाग (या पत्राने मला काहीही मिळत नाही. तिसऱ्या पानावर माझ्याविषयी लिहिलेले वाचले. ते तसेच राहू द्यावे.)

नागपूर, दि. २७ ऑक्टोबर २०२४