दत्तूच्या पट्टीतलं बोअर

४ फेब्रुवारी ९९
धाकट्या भावाच्या, दत्तूच्या, माळावरच्या पट्टीत भोक पाडायचे यंत्र आले. सरकारचे सर्वेवाले. दगड तपासायचा म्हणतात. दत्तूने जागा दिली. साहेबाने विचारले, इथे पाणी नाही हे नक्की का? सगळ्यांनी माझ्याकडे बोट केले. "हा आमचा पाणाड्या हाय की! बावीस वर्सांमागं ह्यानंच सांगितलंय, पार तळापतूर कोरडं." साहेब हसला, पण वहीत लिहून घेतले. 

९ फेब्रु.
दगडाच्या गोल कांड्या निघतात. लाकडी पेटीत ओळीने मांडून ठेवतात. यंत्राला पाणी नेसरीहून टँकरने. दत्तू खुशीत, सगळ्यांना चहा पाजतो. मी दिवसातून दोनदा बघून येतो. 

१३ फेब्रु.
कांबळे गुरुजींनी चावडीपुढे पेपर वाचून फोड करून सांगितली. अणुभट्टीत जळून उरलेला माल, हजारो वर्षे विष. तो मैलभर खोल भोकात सोडून वरून बुजवायचा. त्यासाठी कोरडा, अखंड कातळ शोधताहेत. "पाणी असलं की इषय संपला. पाणी ते इष वर आणतंय. तसली जागा ते घेणारच न्हाईत." अजून नुसती तपासणी आहे, ठरलेले काही नाही, असेही म्हणाले. ते कोणी ऐकले नाही. एकजण म्हणाला, "दत्तूला आधी त्याच भोकात घाला."

१४ फेब्रु.
लिहूनच टाकतो. बापाच्या बाराव्याला वाटणीवरून दत्तूने चारचौघांत माझ्या थोबाडीत मारली होती. पुढच्या महिन्यात तोच आला, विहिरीला जागा दाखव म्हणून. आमच्याकडे पाणाड्या बोलावल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही. पट्टीच्या मधोमध तळहातावरचा नारळ ताडकन उभा राहिला, म्हणजे खाली पाणी. मी अंगठ्याने दाबून आडवा केला. "कोरडं हाय, दत्तू. खडकच खडक." त्याने विहीर खणली नाही. त्याची दोन्ही पोरे इचलकरंजीला मागावर गेली.
आता एक शब्द बोललो तर साहेब गाशा गुंडाळेल. पण दत्तू मला जिवंत...
उद्या बोलतो.

१६ फेब्रु.
बोललो नाही.
आज सगळा गाव माळावर चालून गेला. मीही. घरी राहिलो तर नजरेत येईन म्हणून. काठ्या, सायकलच्या चेनी. जीप उलटी करून पेटवली. यंत्र मोडले, भोक अजून शंभर फुटांवरच होते. यंत्रावरच्या माणसाचा जबडा फुटला, दात मातीत पडले. दत्तू मध्ये आला. "रान माझं हाय, मला मारा!" मारला. "गाव इकलंस व्हय रं?" चेन कानावर बसली, कान लोंबायला लागला. गुरुजी त्याला वाचवायला त्याच्या अंगावर पालथे पडले, त्यांचा हात मोडला. माझ्या हातात दगड होता. शेजारचा ओरडला, "आबा, भाऊ म्हणून गप हाय व्हय?" मी फेकला. लागला. कुठे, ते पाहिले नाही.

१८ फेब्रु.
पोलिसांनी चौदाजण नेले. मला म्हातारा म्हणून सोडले. दत्तू गडहिंग्लजला दवाखान्यात. बायको, हौसा, डबा घेऊन गेली होती. काय म्हणाला, विचारले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या गर्दीत दादाला कुटं लागलं न्हाई न्हवं, असं इचारत हुतं." 

२ मार्च
बंदोबस्तात दुसरी गाडी आणली, हवेने धुरळा उडवणारी, नेहमीच्या बोअरची. एकशेसाठ फुटांवर धुरळा थांबला आणि पाणी उसळले. झाडाएवढे. साहेब भिजलेल्या टोपीने तोंड पुसत म्हणाला, "कातळ फुटका आहे. आपल्या कामाचा नाही." लोकांनी गुलाल आणला. दत्तू कालच दवाखान्यातून आलेला; ज्यांनी त्याला तुडवले त्यांनीच खांद्यावर घेतला. "आबा चुकला, पर गाव वाचलं!" मलाही गुलाल फासला. दत्तू खाली उतरून माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "दादा, तवा नारळावर तुजा अंगठा पांढरा पडला हुता. मी बगितला हुता. मला वाटलं, तुला थंडी वाजतीया."

३ मार्च
दत्तू सकाळपासून समोरच्या ओट्यावर बसलाय. कानाला पट्टी, मांडीवर पहार. मी कडी लावली आहे. हौसाने खिडकीतून हाक मारली, "भावजी, आत या की."
"न्हाई वैनी. त्यालाच भाईर धाडा. घाई न्हाई मला."
मग हौसाला सगळे सांगितले. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. चुलीपुढे बसून चार भाकरी थापल्या. दोन मागच्या दाराने जाऊन त्याला दिल्या, दोन माझ्यापुढे ठेवल्या. फटीतून पाहिले. पहार न सोडता डाव्या हाताने खात होता.
माझी अर्धी भाकरी उरली आहे. ती खाऊन कडी काढतो.