धोक्याच्या पेशी आढळल्या नाहीत

३ फेब्रुवारी २०२५
पोहोचले एकदाची मिरजेत! मेढ्याहून साताऱ्यापर्यंत एसटी, पुढे रेल्वे. आईने बांधून दिलेली नाचणीची भाकरी कराड यायच्या आत संपवली. इथे दवाखान्यांच्या पाट्या इतक्या आहेत की पेशंट जास्त की डॉक्टर, असा प्रश्न पडावा. लॅबमधले तंत्रज्ञ जाफरभाई यांच्याच घरातली वरची खोली मिळाली. त्यांचे वडील सतारी करायचे, माझ्या खोलीत अजून सतारीचे दोन भोपळे टांगलेले आहेत.

लॅब डॉ. धैर्यशील सरांची. माझं काम पेशी वाचायचं. स्वादुपिंडात काही जणांना पाण्याची गाठ होते. बऱ्याचशा गाठी गरीब असतात, काही पुढे कॅन्सर होतात. सुईने आतलं पाणी काढतात, जाफरभाई ते काचेवर पसरून रंगवतात आणि मी मायक्रोस्कोपखाली पाहून धोका किती ते लिहायचं. चमचाभर पाण्यावर माणसाचा जीव ठरतो. मला हे काम मनापासून आवडतं.

७ फेब्रुवारी
म्हसवडहून माजी सुभेदार आकाराम आणि त्यांच्या पत्नी बनाबाई नमुना घेऊन आले. साठी उलटलेला माणूस, पण काउंटरपुढे सावधानमध्ये उभा! मला म्हणाले, “मॅडम, कापायचं असंल तर तसं लेखी द्या. फौजेत लेखी हुकमाबिगर आपन पाऊल उचललं न्हाई.” बनाबाईंनी माझ्या हातावर सिद्धनाथाचं खोबरं ठेवलं. लय गोड माणसं.

८ फेब्रुवारी
डोकं फिरलंय माझं. आकारामांची काच रिकामी निघाली. नुसता चिकट द्रव, पेशी एकही नाही. अशा वेळी ‘नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा’ असं लिहायचं असतं, आणि मी तेच लिहिलं. सरांनी ते खोडलं. त्यांचं म्हणणं, पुन्हा सुई घालायची म्हटलं की पेशंट पाठवणारे डॉक्टर वैतागतात. म्हणून त्यांच्या लॅबमध्ये रिकाम्या काचेवर एकच वाक्य जातं: ‘धोक्याच्या पेशी आढळल्या नाहीत.’ मी म्हटलं, पेशीच नाहीत तर हे लिहायचं कसं? ते हसले. पेशीच नाहीत म्हणजे धोक्याच्याही नाहीत, मग यात खोटं काय, असं मलाच विचारलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. दहा मिनिटं भांडले. आणि मग सही केली. नोकरीचा पहिला आठवडा, म्हणून केली. तीन प्रतींवर. सरांचा राग येतो त्याहून जास्त मला माझा येतोय.

१० फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत ती काच पुन्हा लावली. तीन पुंजके दिसले. मोठी, काळपट केंद्रकं, एकमेकांवर चढलेल्या पेशी. हा धोका पहिल्या वर्षाच्या पोरालाही ओळखता आला असता. शनिवारी तिथे काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

जाफरभाईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि काच कोरी हाय म्हणाले. सरांनी मात्र डोळासुद्धा लावला नाही. सही झाली की काच परत बघायची नसते, एवढंच बोलले, तेही भिंतीकडे पाहून.

११ फेब्रुवारी
म्हसवडला फोन केला. बनाबाईंना खरं काय ते सांगितलं: नमुना रिकामा होता, सुभेदारांना परत आणा. त्यांच्या पाठीत कळा येतायत, जेवण जात नाही. पण सुभेदारांनी रिपोर्टच्या चार झेरॉक्स काढून भावाबहिणींना वाटल्यात. बनाबाई म्हणाल्या, “आवं बाई, तुमीच लिवलंय न्हवं? आता तोंडी नगं. कागदाबिगर आमचं मानूस हालायचं न्हाई.”

काच पाहिली. सात पुंजके.

तीन प्रती. चार झेरॉक्स.

१३ फेब्रुवारी
दुरुस्तीचं पत्र लिहिलं, लॅबच्या कागदावर, माझ्या हाताने. ‘नमुना अपुरा होता. तातडीने पुन्हा तपासावे.’ घडी घालताना वाचलं. कागदावर लिहिलं होतं: धोक्याच्या पेशी आढळल्या नाहीत. अक्षर माझंच.

फाडलं. परत लिहिलं. परत तेच. अकरा वेळा.

काचेवर अठरा. फाडलेलेही धरले जातात.

१४ फेब्रुवारी
कॉम्प्युटरवरही तेच उमटतं. सरांपुढे सगळे कागद आपटले. त्यांनी शांतपणे वाचले आणि म्हणाले, आता जमायला लागलं तुम्हाला. मी टेबलावरचा पेपरवेट फेकला. नेम चुकला, याचं वाईट वाटतं. या माणसाला माहीत आहे! किती वर्षं माहीत आहे? त्यांच्या काचांच्या कपाटाला कुलूप आहे, आणि ते त्या कपाटाकडे पाठ करूनच बसतात—

१७ फेब्रुवारी
जाफरभाईंनी पत्र लिहून दिलं. त्यांच्या हातून नीट उतरलं! मला रडूच आलं. फक्त माझी सही राहिली होती.

केली.

जाफरभाईंनी वाचलं आणि कागद उलटा ठेवला. सहीच्या जागी मी माझं नाव लिहिलंच नव्हतं. तेच वाक्य—

१८ फेब्रुवारी, सकाळ
बनाबाईंचा फोन. डोळे पिवळे झालेत. सुभेदार म्हणतात, मॅडमचा हुकूम येऊ दे, मग निघू.

काच दिसत नाही आता. नुसत्या पेशी.

१८ फेब्रुवारी, दुपार
म्हसवडची एसटी. लॅबचा शिक्का उचलून आणलाय. ही वही दाखवली तर म्हणतील, डायरी म्हणजे हुकूम नव्हे. म्हणून या पानावर शिक्का आधीच मारला, खाली सहीपुरती जागा सोडली. आता फक्त दोन ओळी. डाव्या हाताने लिहिते. बघते कोण अडवतं—

सुभेदार आकाराम यांस. हा लेखी हुकूम समजावा. तुमच्या नमुन्यात धोक्याच्या पेशी—

नको. परत. तुम्ही आजच्या आज धोक्याच्या पेशी—

सोड. हात सोड माझा. तो माणूस मरेल, सोड—

आकारामदादा, ऐका, तुम्हाला कॅन्सर— पुन्हा तपा— धोक्याच्या पेशी आढळल्या ना