काठाचा धागा

मंगळवार, ९ डिसेंबर
दुकानातून, दुपारी

चिमणे,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. थंडी वाढल्यापासून गरम कापडाला गिऱ्हाईक बरं आहे. तुझ्याकडे सगळे खुशाल असतील.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. आत्ताही मधेच उठले होते. एका बाईंनी तीन मीटर अस्तर मागितलं, मी चार मीटर कापलं. दोन दिवस माझं असंच चाललंय.

तू कोट शिवणार आहेस असं कळलं. कापडाचा रंग दिव्याखाली बघू नकोस, दुकानाच्या दारात नेऊन बघ. मुठीत चुरगाळून सोड, आणि... बघ, लागले शिकवायला! जित्याची खोड, दुसरं काय.

शालीबद्दल लिहायचंय.

दोन वर्षांपूर्वी तू आईसाठी हौसेनं शाल निवडून आणलीस. मी तुझ्या सासरच्यांसमोर तिच्या काठाचा एक धागा ओढला आणि त्याला काडी लावली. धागा वितळून त्याची काळी, टणक गोळी झाली. "लोकर कसली, नायलॉन आहे! कापडातलं तुला काय कळतंय?" असं म्हणून मी शाल कपाटात टाकली. तू चपला घालून गेलीस, ती अजून आली नाहीस.

परवा कपाट आवरताना ती शाल निघाली. काठाची शिवण उसवली होती. तो धागा हातात आला, त्याला काडी लावून पाहिली, तर तीच काळी गोळी. मी जाळला होता तो शिवणीचा धागा होता गं! मग शालीच्या मधला एक धागा काढून जाळला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. अस्सल लोकर. तीस वर्षं कापड विकतेय, दुकानात नव्यानं आलेल्या पोरींना पहिल्याच दिवशी बजावते की शिवणीचा धागा तपासू नका, आणि मीच तोंडावर आपटले.

आईला सांगितलं. वाटलं, झोडपून काढेल.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "धाकटीनं माझ्या खांद्यावर घातली तेव्हाच ऊब कळली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुझा शब्द कसा पाडू? तुझं पोट त्या शब्दावर. वाटलं, धाकटी समजून घेईल."

दोन हिवाळे ती विटक्या चादरीत बसली, माझी पत राहावी म्हणून. आणि तू माहेराला मुकलीस. चुकलं माझं, चिमणे. तुझ्या सासूबाईंनाही वेगळं पत्र टाकलंय. त्यात काही झाकलेलं नाही.

काल शाल आईच्या खांद्यावर घालायला गेले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "तू नको. जिनं आणली ती घालेल." शाल उशाशी घडी करून ठेवलीय आणि ती तशीच कुडकुडत बसलीय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तेवढी शाल घालायला ये.

तुझ्या रागाला पात्र असलेली,
ताई