कोपरीचा माळढोक

४ मार्च १८८८, रविवार.

आजपासून रोजनिशी. हेतू केवळ शास्त्रीय. बारा वर्षे कचेरीत दुसऱ्यांची पत्रे नकलून काढली, आता चार ओळी स्वतःच्या.

इंजिनीअर साहेब सिंध आणि मारवाडच्या रेताडात दहा वर्षे काढून ठाण्यास बदलून आले आहेत. छंद, पाखरे मारून त्यांत कापूस भरणे. काल त्यांच्या टिपणाची नक्कल घेऊन बंगल्यावर गेलो, तेव्हा वाळवंटातील पक्ष्यांवरचे एक जाड पुस्तक मजकडे वाचावयास दिले. मी मागितले हे खरे, परंतु कोणालाही दिले नसते. हेडक्लार्क मारुतीरावांचे तोंड पाहण्यासारखे झाले.

संकल्प: रोज पहाटे पक्षिनिरीक्षण.

७ मार्च.

पहाटे उठणे झाले नाही. थंडी. पुस्तकातील चित्रे पाहिली. शास्त्र बसूनही होते.

११ मार्च, रविवार.

निरीक्षणास प्रारंभ. चरईतून निघालो, रूळ ओलांडले आणि कोपरीच्या मिठागरांवर गेलो. शी! पायांखाली काळा गाळ, नाकात सुक्या मासळीचा दर्प, त्यात कुजक्या शेवाळाची भर. वहाण एक गाळातच राहिली. पाखरे म्हणावी तर काळ्या-पांढऱ्या, काडीसारख्या पायांची शेदोनशे क्षुद्र पाखरे, पाण्यातल्या ढेकळांवर बसून एकसारखी किंचाळत होती. डोके उठले. आगर पिकवणारा गुणाजी म्हणाला, ह्या शेकाट्या, दर साल इथे अंडी घालतात. पुस्तकात त्यांना अर्धे पानही दिलेले नाही. नोंद केली नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पांढरे मीठ, भेगाळलेली माती, झाड एक नाही, उन्हात हवा थरथरते. हे वाळवंटच आहे! ठाण्यास वाळवंट आहे हे आजवर एकाही विद्वानास सुचले नाही.

घरी कुटुंबाने मागल्या दारी विहिरीवर उभे करून पाच कळशा अंगावर ओतल्या. धोतर फेकून दिले. शास्त्रासाठी सोसले पाहिजे.

१८ मार्च, रविवार.

कल्याणला साडू भाऊंकडे जाऊन दुर्बीण आणली. भाऊंच्या वडिलांची, कुठल्याशा गलबतावरची. भिंगाला तडा आहे, त्यामुळे जगाचे दोन भाग दिसतात. त्यांतला डावा बरा. भाऊंनी विचारले, एवढे पाहून मिळणार काय. अशा प्रश्नांची किळस येते.

२५ मार्च, रविवार. दुपारी दोन.

पागोटे न काढताच बसलो. लिहितो.

शेवटच्या वाफ्याच्या बांधावर, सुमारे तीनशे पावलांवर, एक प्रचंड तपकिरी पक्षी! पाठ कुबडी, मान आत घेतलेली. अर्धा तास पाहिला, जागचा हलला नाही. पुस्तकात पान बावन्न: माळढोक. वाळवंटी मैदानांचा राजा. अत्यंत सावध, जवळ जाऊ देत नाही. मी जवळ गेलो नाही, आणि त्याने जाऊ दिले नाही. लक्षण तंतोतंत जुळले.

गुणाजीला काही बोललो नाही. असल्या लोकांना माळढोक म्हणजे मटण.

१ एप्रिल, रविवार.

माळढोक आजही तिथेच. दुपारी बसतो, ऊन उतरले की दिसत नाही. इतका गंभीर पक्षी पाहिला नाही. मादी असावी, अंड्यांवर बसली आहे.

गेल्या वर्षी सरकारने रानपाखरांच्या रक्षणाचा कायदा केला असे वर्तमानपत्रात होते. मारुतीराव म्हणतात की तो बाजारातल्या विक्रीपुरता आहे, मिठागराशी त्याचा संबंध नाही. मी म्हटले, कायद्याचा आत्मा पाहावा. ते म्हणाले, तुम्ही नकलेतले ऱ्हस्व-दीर्घ पाहा. क्षुद्र मनुष्य.

८ एप्रिल.

विचारांती निर्णय. माळढोकास धोका आहे तो पाण्यापासून. पुस्तक स्पष्ट सांगते की हा पक्षी कोरड्या भूमीचा. आणि शेवटच्या वाफ्यात गुणाजीने गुडघाभर खारे पाणी कोंडून ठेवले आहे! मीठही पिकवत नाही, नुसते सडवतो. शेवाळ, किडे, दुर्गंधी. ह्या घाणीत माळढोकाचे पिल्लू जगेल कसे? पाणी काढले पाहिजे.

११ एप्रिल.

गुणाजीशी बोलणे झाले. त्याचे म्हणणे, बापाच्या वेळेपासून ह्या वाफ्यात चैत्र-वैशाखात पाणी ठेवतात, पाखरे उठली की मग सोडतात. धन्यालाही ठाऊक आहे. मी वाळवंट म्हणजे काय ते समजावून सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, “ही रेतीची पाखरां नाय, पान्याची हायत. पानी हाय म्हनून कोला येत नाय.”

अडाणीपणास औषध नाही. वर सुपारी देऊ केली, त्याच मिठाच्या हातांनी. नाही म्हटले.

१४ एप्रिल, शनिवार.

जाड कागदावर इंग्रजीत हुकूम लिहिला. कायद्याचा पहिला परिच्छेद, खाली माझी सही. लाखेवर कुटुंबाच्या चांदीच्या करंड्याचे झाकण दाबले, ठसा राजमुद्रेसारखा उमटला. खोटे काही नाही, हुकूम पक्ष्यांच्या हिताचाच आहे. कुटुंबाने विचारले की गुणाजीला इंग्रजी येते का. म्हणूनच तर इंग्रजीत लिहिला.

१५ एप्रिल, रविवार.

विजय. गुणाजीने कागद उलटा धरला, लाल मोहोर पाहिली आणि घडी घालून कनवटीस लावला. मग ओहोटी लागल्यावर उघाडीच्या, म्हणजे खाडीकडल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या काढल्या. पाणी खाडीत गेले. त्याची बायको रंगूबाई बांधावर येऊन मजकडे पाहत राहिली.  नमस्कार केला नाही.

वाफ्याचा तळ उघडा पडला. ओकारी येईल असा काळा बरबट गाळ. दोन दिवसांत वाळेल.

१८ एप्रिल.

वाळला. सुंदर भेगा पडल्या आहेत. पुस्तकातील चित्राशी ताडून पाहिल्या.

गाळात पावलांचे ठसे उमटले आहेत, कुत्र्यासारखे पण लहान. वाळवंटी खोकड! चार दिवसांत श्वापदेही परतू लागली. शेकाट्यांचा ओरडा मात्र असह्य. सगळ्या हवेत, एक खाली बसायला तयार नाही. मी गेलो तर डोक्यावरून झेपा घेतल्या, आणि उपरण्यावर जे पडले ते लिहवत नाही. पुन्हा पाच कळशा.

२२ एप्रिल, रविवार.

आज शांतता. शेकाट्या बहुतेक गेल्या. जमिनीवर टरफले पसरली आहेत, करडी, काळ्या ठिपक्यांची. काहींना आतून ओल होती, माश्या बसल्या होत्या. वास. तोंडाला उपरणे लावून चालावे लागले. मोजीत होतो, एकशे चाळीसवर सोडून दिले.

पाखरे पिल्ले काढून गेली असणार.

कडेच्या ढेकळांभोवती थोडे पाणी उरले आहे, तिथे पाच-सात बसल्या आहेत. त्यांच्याच शेजारी माळढोक! आणि आता दुपारपुरता नव्हे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माझ्या उपायाचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

२४ एप्रिल.

साहेबांस अर्ज दिला. “ठाण्यातील माळढोकाचा प्रथम शोध, त्र्यंबक यांजकडून.” साहेबांनी दोनदा वाचला. विचारले, खात्री आहे? म्हटले, परफेक्ट. शनिवारी येतो म्हणाले. मुंबईच्या विद्वान मंडळींपुढे निबंध वाचला जाईल, त्यात नाव येईल. मारुतीरावांस आजच काही सांगत नाही. (सांगितले.)

२८ एप्रिल, शनिवार.

लिहिणार नव्हतो. पण रोजनिशी एकदा नियमाने धरली आहे.

साहेब घोड्यावर आले, बंदूक घेऊन. मी विचारले, रक्षण करावयाचे ना? ते म्हणाले, आधी हातात येऊ दे, मग कळेल कोणता पक्षी आहे ते. शास्त्राची रीत अशीच असते हे मला ठाऊक नव्हते, पण मान डोलावली. साहेबांस विरोध करणे माझ्या प्रकृतीत नाही.

माळढोक नेहमीच्या जागी, पाठमोरा. ऊन थरथरत होते. साहेब बांधाआड गुडघ्यावर बसले, बंदूक खांद्याला लावली. मला हळूच पुन्हा विचारले, शुअर? मी म्हटले, येस सर. बोट बंदुकीच्या घोड्यावर गेलेले मी पाहिले.

तेवढ्यात माळढोक खोकला.

पुस्तकात खोकल्याचा उल्लेख नाही. साहेबांनी बंदूक खाली घेतली. काडतूस काढून खिशात टाकले. माळढोक उभा राहिला, पाठीवरचे पानांचे इरले काढून बाजूस ठेवले आणि पदराने तोंड पुसले. रंगूबाई.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. इतका वेळ कोणी माझ्याकडे पाहिले नव्हते. मग तिच्याकडे गेले आणि मला दुभाष्याचे काम करावयास लावले. तू इथे काय करतेस, असे विचार म्हणाले. विचारले.

ती मलाच म्हणाली, “आधी दुपारच्याला घारींसाठी बसत व्हते. तुमी पानी सोरलं, त्या दिसापासून सकालपासून बसतेय. कोला दिवसाढवल्या येतो. सात घरटी ऱ्हायलीत.”

साहेबांस सांगताना मी ‘तुम्ही पाणी सोडले’ एवढे गाळले. परंतु तिने हाताने वाफा, उघाडी आणि टरफले दाखवली, आणि बोट मजकडे केले. त्याचे भाषांतर लागत नाही. एवढ्यात बांधावरून आलेल्या गुणाजीने कनवटीतून हुकूम काढून दिला. घडीवर घडी घालून जपून ठेवला होता. साहेबांनी वाचला. मोहोरेवर अंगठा फिरवला. करंड्याच्या झाकणावर मोर आहे, तो उमटला होता.

मला वाटले ओरडतील. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, त्र्यंबकराव, मी दहा वर्षांत पाखरे पुष्कळ मारली. दोनशे एका आठवड्यात कधी नाही. पुस्तक मागून घेतले. घोडा हाकला.

परत येताना नाकाला उपरणे धरले. मासळीच्या वासामुळे. खाडीकडून वारा नव्हता, तरी वास येत राहिला. विहिरीवर कुटुंबाने पाच कळशा ओतल्या. मी आणखी मागितल्या.

३० एप्रिल.

कचेरीस गेलो नाही. ताप. मारुतीरावांनी विचारपूस करण्यासाठी शिपाई पाठवला. शिपाई दारातून जाता जाता खोकला. मुद्दाम.

६ मे, रविवार.

वास्तविक दोष पुस्तकाचा. सिंधचे पुस्तक ठाण्यास लागू पडत नाही, हे पहिल्या पानावर छापावयास हवे होते.

दोष साहेबांचाही. दोष भिंगाच्या तड्याचा.

आज जेवणे झाले नाही. भातात टरफलासारखे काही दिसले. कुटुंबाने दाखवले, साळीचा साधा न कांडलेला दाणा होता. तरी गेले नाही.

११ मे, शुक्रवार. अमावास्या.

उधाणाची भरती आहे. ह्या भरतीला गुणाजी फळ्या घालून पाणी घेणार हे ऐकले होते. मी तेच सुचवणार होतो. रजा काढून गेलो, अनवाणी. वाटले, एखादी फळी धरावी. गुणाजी आणि रंगूबाई कमरेइतक्या गाळात उभी. मी बांधावर उभा राहून ‘सावकाश’ असे म्हणालो. कोणी ऐकले नाही. मग खाली उतरलो. गाळ मांडीपर्यंत आला, थंड आणि बुळबुळीत, बोटांमधून वर येणारा. किळस इतकी की डोळ्यांत पाणी आले. किळसच होती ती.

एक फळी धरली. उलटी धरली होती, रंगूबाईने सुलटी केली.

पाणी सात ढेकळांभोवती चढले. अंडी कोरडी राहिली. मी मोजून खात्री केली.

२१ मे, सोमवार.

पिल्ले बाहेर आली. गुणाजीनेच कचेरीच्या दारात येऊन सांगितले, मारुतीरावांदेखत. अकरा आहेत. चार घरट्यांतली. उरलेल्या तीन घरट्यांतली घारींनी नेली.

धावत गेलो. बांधावर पाय ठेवला तोच सगळ्या उठल्या, माझ्या डोक्याभोवती घिरट्या, तीच किंचाळी. रंगूबाई टोपली घेऊन त्यांच्यामधून गेली, एक हलली नाही. मी थांबलो, बसलो, उपरणे डोक्यावरून घेतले. उठतच राहिल्या. पिल्ले इकडेतिकडे पळू लागली, एक पाण्यात पडले. त्याला आईने हाकून बाहेर काढले.

गुणाजी जवळ आला. फार मर्यादेने बोलला. म्हणाला, “राव, पाऊस लागंपर्यंत रस्त्यावरनंच बघा. तुमाला वलखतात ती.”

मी म्हटले, मीही तेच म्हणणार होतो. रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. दुर्बीण भाऊंना परत केली आहे. पांढरे ठिपके दिसतात. मोजले, पण पाण्यावरचे ऊन आणि पाखरू ह्यांत फरक लागला नाही.

संध्याकाळी कुटुंबाने पान वाढता वाढता विचारले, ह्या शेकाट्यांचे पाय असतात कोणत्या रंगाचे? साधा प्रश्न. अकरा आठवडे निरीक्षण केले, नोटबुक भरले आहे. हात धुऊन उठलो आणि पहिल्या पानापासून चाळले. वाळवंटाची लक्षणे आहेत. भेगांची मापे आहेत. पायांचा रंग कुठे नाही.

उद्या जाऊन पाहीन म्हटले. मग आठवले, रस्त्यावरून पाय दिसत नाहीत.